बाबांची लेन्स, मुलीचा कॅमेरा

दिवाळीच्या आधी बेसमेंट आवरायची आपल्याकडे पद्धत आहे. निदान आवरायचा संकल्प तरी आपण दरवर्षी करतो. यंदा खरंच आवरलंत, तर मोठ्या सूटकेसांच्या मागे, कोणीतरी पुण्याहून आणलेल्या आणि कधीच न वापरलेल्या सोऱ्याच्या शेजारी, एक काळी किंवा तपकिरी कातडी बॅग सापडते का बघा. ज्या घरातली पहिली पिढी १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर, म्हणजे साठीच्या दशकाच्या अखेरीला किंवा सत्तरीत इथे आली, त्या घरात ही बॅग बहुतेक असतेच. आत एक जड कॅमेरा, त्यावर लेन्स, आणि नशीब असेल तर आणखी एक-दोन लेन्स, गोल डब्यांमध्ये. 'फिल्म आता कोण भरतंय' असं म्हणून ती बॅग पुन्हा मागे ढकलली जाते, नाहीतर घर लहान करताना गराज सेलमध्ये पाच डॉलरला जाते.

पाच डॉलरला देऊ नका. कॅमेरा द्यायचा असेल तर एक वेळ द्या, पण त्यावरची लेन्स काढून ठेवा. तुमच्या मुलीकडे, जावयाकडे किंवा तुमच्याच कपाटात गेल्या दहा-बारा वर्षांतला बिनआरशाचा डिजिटल कॅमेरा असेल, म्हणजे ज्याला सगळे मिररलेस म्हणतात तो, तर ती लेन्स त्यावर बसते आणि चालते. किती चांगली चालते, कुठे रुसते, आणि कुठे तिच्या नादी न लागलेलं बरं, हे पुढे सांगतो.

आधी त्या बॅगेबद्दल थोडं, कारण दुसऱ्या पिढीला ती नुसती जुनी वस्तू वाटते. त्या काळात भारतात परदेशी कॅमेरा घेणं म्हणजे परवान्यांची भानगड आणि जबरदस्त जकात. मध्यमवर्गीय घरात कॅमेरा असलाच तर भारतात बनलेला ॲग्फा क्लिक थ्री, एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो. तोही बऱ्याचदा मामाचा, मुंजीपुरता मागून आणलेला. सरकारनं परवानगी दिलेले आठ डॉलर खिशात घेऊन उतरलेल्या माणसानं इथल्या पहिल्या काही पगारांतून काय घेतलं, याची यादी जवळजवळ ठरलेली असे : जुनी गाडी, टेप रेकॉर्डर आणि कॅमेरा. न्यूयॉर्क-न्यू जर्सीकडचे लोक त्यासाठी मॅनहॅटनमध्ये 'फॉर्टी-सेव्हन्थ स्ट्रीट फोटो'च्या गर्दीत जाऊन उभे राहत. १९७६ मध्ये कॅननचा एई-१ आला आणि प्रचंड खपला. त्याच वर्षी पेंटॅक्सचा के-१००० आला, तो १९९७ पर्यंत बनत राहिला. अमेरिकन हायस्कूलमधल्या फोटोग्राफीच्या वर्गात पिढ्यान् पिढ्या तोच असे, त्यामुळे तुमच्या मुलांनीही कदाचित तो हाताळला असेल. शिवाय मिनोल्टा, ऑलिंपस, आणि ज्यांचं जरा बरं चाललं होतं त्यांच्याकडे निकॉन. अपार्टमेंटबाहेरचा पहिला बर्फ, गाडीच्या बॉनेटला टेकून उभी असलेली नवी नवरी, नायगारा, आणि मग पुन्हा नायगारा (कारण देशातून आई-वडील आले होते), हे सगळं या लेन्समधून गेलेलं आहे आणि त्याच्या प्रती एअरमेलच्या पाकिटातून सांगली-सोलापूरला पोचलेल्या आहेत.

आता लेन्स हातात घ्या. पुढच्या काचेभोवतीच्या कड्यावर काही अक्षरं कोरलेली असतात. उदाहरणार्थ '५० मिमी, १:१.४'. पहिला आकडा नाभीय अंतराचा. पन्नास म्हणजे साधारण डोळ्याला दिसतं तसं, अठ्ठावीस म्हणजे रुंद, एकशे पस्तीस म्हणजे दूरचं जवळ आणणारी. दुसरा आकडा लेन्स जास्तीत जास्त किती उघडते त्याचा. तो जितका लहान, तितका जास्त उजेड आत येतो. एक पॉइंट चार, एक पॉइंट आठ, दोन यांपैकी काही लिहिलेलं असेल तर तुमच्या हातात कामाची वस्तू आहे. आजच्या कॅमेऱ्याबरोबर जी झूम लेन्स येते ती पन्नास मिलिमीटरच्या आसपास बहुधा पाचच्या पुढेमागेच उघडते. म्हणजे ही जुनी पन्नासची लेन्स तिच्यापेक्षा दहा-बारा पट जास्त उजेड आत घेते. ही अतिशयोक्ती नाही, साधं वर्गाचं गणित आहे.

ती बसते कशी, हे एकदा समजून घ्या, म्हणजे दुकानदार फसवू शकणार नाही. प्रत्येक कंपनीनं लेन्सची मागची कड आणि फिल्म यांच्यामधलं अंतर ठरवून ठेवलेलं असतं. निकॉनचं ४६.५ मिमी, ऑलिंपसचं ४६, पेंटॅक्सचं जवळजवळ ४५.५, मिनोल्टाचं ४३.५, कॅननच्या जुन्या एफडी लेन्सचं ४२. एवढी जागा लागायची कारण मध्ये आरसा असे, तो फोटो घेताना खटकन वर जायचा. मिररलेसमध्ये आरसाच नाही, त्यामुळे तिथे हे अंतर निम्म्याहून कमी झालं : सोनीचं १८ मिमी, निकॉन झेडचं १६, कॅनन आरएफचं २०, फूजीचं १७.७. राहिलेली जागा भरायला मध्ये धातूची पोकळ नळी लावली की झालं. त्या नळीला ॲडॅप्टर म्हणतात. आत काच नाही, वीज नाही, काही नाही. साधारण वीस ते चाळीस डॉलरमध्ये मिळते. 'मेड फॉर फोर-के' वगैरे लिहून दोनशे सांगितले तर सरळ पुढच्या दुकानात जा. अपवाद एकच : काही महाग ॲडॅप्टरमध्ये इलेक्ट्रॉनिक्स असतं. ते नव्या, ऑटोफोकसवाल्या लेन्ससाठी. तुमच्या लेन्सला ते नको.

यातली गंमत बघा. १९८७ मध्ये कॅननने एफडी पद्धत सोडून ईएफ ही नवी पद्धत आणली, तिचं अंतर ४४ मिमी. म्हणजे जुन्यापेक्षा दोन मिलिमीटर जास्त. त्या दोन मिलिमीटरनं लाखो चांगल्या लेन्स एका रात्रीत अनाथ केल्या, कारण नव्या कॅमेऱ्यावर त्या लावल्या तर दूरचं काही फोकसच होईना. मिनोल्टानं १९८५ मध्ये 'मॅक्झम'बरोबर तेच केलं होतं. डिजिटल कॅमेरे आले तेव्हा सुरुवातीची कितीतरी वर्षं या लेन्स पेपरवेट म्हणून पडून होत्या. मग २००८ मध्ये पहिला मिररलेस आला, २०१३ मध्ये सोनीनं ए-७ काढला, ज्याचा सेन्सर जुन्या फिल्मच्या चौकटीएवढाच, ३६ बाय २४ मिमी होता, आणि अनाथांना घर मिळालं. म्हणजे दहा-बारा वर्षांपूर्वीच्या आरशाच्या डिजिटल कॅमेऱ्यापेक्षा आजच्या कॅमेऱ्यावर जुनी लेन्स जास्त सहज बसते. तंत्रज्ञान पुढे गेलं की जुनं मागे पडतं, हा आपला नेहमीचा अनुभव इथे उलटा झाला आहे.

निकॉनवाल्यांची गोष्ट वेगळी, आणि ती नीट वाचा, कारण इथे नुकसान होऊ शकतं. निकॉननं १९५९ पासून लेन्स बसवायची मूळ रचना आरशाच्या सगळ्या कॅमेऱ्यांमध्ये तीच ठेवली. याचं कौतुक व्हायलाच हवं. पण १९७७ मध्ये त्यात 'एआय' नावाची सुधारणा झाली. (आजच्या एआयशी तिचा काही संबंध नाही. तिच्यामुळे कोणाची नोकरी गेली नाही.) त्या आधीच्या लेन्सच्या मागच्या कड्याचा आकार वेगळा आहे. अशी लेन्स निकॉनच्या डी-७०००, डी-७००, डी-८०० यांसारख्या कॅमेऱ्यावर जोर लावून बसवली तर कॅमेऱ्याच्या तोंडाजवळची छोटी दांडी मोडू शकते. ओळखायची खूण अशी : लेन्सच्या ॲपर्चरच्या कड्यावर एफच्या आकड्यांची एकच ओळ आहे की दोन? मोठ्या आकड्यांच्या मागे, कॅमेऱ्याच्या बाजूला, लहान आकड्यांची दुसरी ओळ असेल तर बहुधा एआय. एकच ओळ असेल तर थांबा, आधी जाणकाराला दाखवा. निकॉनच्या स्वस्त कॅमेऱ्यांमध्ये, म्हणजे २००६ च्या डी-४० पासून पुढच्या डी-३००० आणि डी-५००० मालिकेत, ती दांडीच नाही. त्यामुळे जुनी लेन्स सुखरूप बसते, पण मग उजेड किती आहे हे कॅमेरा सांगत नाही, तुम्हीच अंदाजानं ठरवायचं. मिररलेसवर साध्या नळीनं लावलीत तर यातली एकही कटकट नाही.

बसली? आता कॅमेऱ्याच्या मेनूत दोन गोष्टी करा. त्या केल्या नाहीत तर 'चालत नाही' म्हणून सगळं परत पेटीत जातं. पहिली : लेन्स नसतानाही शटर चालू दे, अशी परवानगी देणारा पर्याय. पोकळ नळीतून कॅमेऱ्याला काहीच निरोप जात नाही, त्यामुळे त्याला वाटतं पुढे लेन्सच नाही, आणि तो हटून बसतो. दुसरी : हात हलल्याचा परिणाम कमी करणारी सोय कॅमेऱ्याच्या आत असेल, तर त्याला लेन्सचं नाभीय अंतर आकड्यात सांगा. सेन्सर लहान असला तरी पन्नासला पन्नासच सांगायचं, पंच्याहत्तर नाही. हे झालं की १९७५ च्या लेन्सला जन्मात कधी न मिळालेली स्थिरता मिळते. खोलीतल्या दिव्याच्या उजेडात, ट्रायपॉडशिवाय, पंधरांश सेकंदाला स्पष्ट फोटो येतो. बाबांना हे जमत नव्हतं, त्यांना शर्टाची कोपरं टेबलावर टेकवून श्वास धरावा लागायचा.

मग कॅमेरा 'ए' वर ठेवा, लेन्सचं ॲपर्चरचं कडं हातानं फिरवा, बाकी शटर कॅमेरा सांभाळतो. फोकस मात्र तुमचा. इथे लोक घाबरतात, पण विचार करा : बाबांनी तो आरशातल्या एका अंधुक ठिपक्यावर केला. तुमच्याकडे इलेक्ट्रॉनिक पडदा आहे, त्यात तेवढाच भाग पाच-दहा पट मोठा करून बघता येतो. शिवाय जिथे फोकस झाला आहे तिथल्या कडा लाल किंवा पिवळ्या रंगात उजळून दाखवायची सोय असते. पूर्ण उघड्या लेन्सवर मात्र ती थोडी खोटं बोलते, पापणीऐवजी कानाला प्रमाणपत्र देते. म्हणून माणसाचा चेहरा असेल तेव्हा मोठं करूनच बघा.

याच कारणासाठी एक सुचवतो. ज्यांची ही लेन्स आहे ते बाबा किंवा आजोबा आज पंचाहत्तरीच्या पुढे असतील. मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली असतील. 'आता फोकस दिसत नाही' म्हणून त्यांनी कॅमेरा कधीच खाली ठेवला असेल, आणि फोनच्या काचेवर बोट लावून फोटो काढायला त्यांना मजा येत नसेल. त्यांच्या हातात नवा कॅमेरा आणि त्यांचीच लेन्स द्या. डोळ्याजवळची छोटी चकती फिरवून त्यांच्या नंबराला जुळवा, चित्र दहापट मोठं करून दाखवा. बोटांना ते कडं अजून आठवत असतं. कुठल्या बाजूला फिरवलं की जवळचं येतं, हे त्यांना सांगावं लागत नाही.

आता निकालाकडे. फोटो दिसतो कसा?

पन्नासची एक पॉइंट चारची लेन्स पूर्ण उघडलीत तर मधला भाग बऱ्यापैकी स्पष्ट, पण त्यावर एक मऊ झिलई असते, जणू काचेवर हलका श्वास टाकलाय. कडेला आणि कोपऱ्यात तपशील विरघळतो. पांढऱ्या साडीची कड उन्हात असेल तर तिला जांभळट रेघ येते. एक-दोन पायऱ्या बंद करा, दोन पॉइंट आठवर या, झिलई जाते. चार ते आठच्या दरम्यान तीच लेन्स अशी काही धारदार होते की चोवीस मेगापिक्सेलच्या सेन्सरवर नवी कोणती आणि जुनी कोणती हे मधल्या भागावरून तुम्हाला सांगता येणार नाही. हे पन्नासच्या आणि एकशे पस्तीसच्या बहुतेक चांगल्या कंपन्यांच्या लेन्सबद्दल खरं आहे. जवळचं टिपणाऱ्या मॅक्रो लेन्सबद्दल तर जास्तच खरं. निकॉनची ५५ मिमीची मायक्रो हातात असेल तर तुम्ही भाग्यवान.

मग 'जुनी लेन्स डिजिटलवर खराब दिसते' असं लोक का म्हणतात? थोडं लेन्समुळे, बरंचसं आपल्यामुळे. १९७८ मध्ये तोच फोटो छोट्याशा कागदावर बघितला जाई, आणि त्यात कोपऱ्यातल्या पानांची शीर कोणी मोजत नसे. आज आपण तो पडद्यावर शंभर टक्के मोठा करून, नाक लावून बघतो. पण खरी कारणंही आहेत. फिल्मचा पृष्ठभाग तसा मंद, सेन्सर मात्र आरशासारखा चकचकीत. त्यावरून उजेड परत लेन्सच्या मागच्या काचेवर आपटतो आणि काही लेन्समध्ये फोटोच्या मधोमध फिकट गोल डाग उमटतो, विशेषतः ॲपर्चर फार बंद केलं की. शिवाय सेन्सरवर फिल्टरच्या काचेचा थर असतो, जो फिल्मवर नव्हताच. तिरके किरण त्यातून जाताना वाट बदलतात. आरशाच्या कॅमेऱ्यासाठी बनलेल्या लेन्सना याचा फारसा त्रास होत नाही, कारण त्यांची मागची काच तशीही दूर असते. त्रास होतो तो फिल्मला चिकटून बसणाऱ्या, जुन्या लायकासारख्या रेंजफाइंडरच्या रुंद लेन्सना. पण त्या आपल्या बेसमेंटमध्ये कुठून येणार!

उजेड समोरून आला की जुन्या लेन्स हार मानतात, हे मात्र कबूल करायला हवं. काचेवरचे लेप तेव्हा साधे होते, काहींवर एकच थर. सूर्य चौकटीत आला की सगळा फोटो दुधात बुडवल्यासारखा होतो. लेन्सची पुढची टोपी, म्हणजे हूड, पाच-सात डॉलरला मिळते. ती आधी घ्या, ॲडॅप्टरच्या खालोखाल तिचाच उपयोग.

रुंद लेन्सबद्दल माझं मत फार बरं नाही. चोवीस, अठ्ठावीसच्या जुन्या लेन्सच्या कोपऱ्यांपुढे आजची साधी झूमही सरस ठरते. आणि ऐंशीच्या दशकातल्या त्या सगळं करणाऱ्या झूम, 'अठ्ठावीस ते दोनशे' छापाच्या, ज्या आपल्याकडे 'एकच घेतली की झालं' म्हणून खूप विकल्या गेल्या, त्या खुशाल गराज सेलमध्ये मांडा. त्या तेव्हाही बेताच्याच होत्या.

सेन्सर लहान असेल, म्हणजे फूजी किंवा सोनीचे बरेचसे कॅमेरे, तर लेन्सचा मधला भागच वापरला जातो. कोपऱ्यांची तक्रार आपोआप संपते. पण दृश्य दीडपट जवळ येतं. पन्नासची लेन्स पंच्याहत्तरसारखी वागते. आजीचा चेहरा टिपायला उत्तम, सगळ्या कुटुंबाचा फोटो काढायला मात्र भिंत फोडून मागे जावं लागेल.

जुन्या पेंटॅक्सवाल्यांसाठी एक खास गोष्ट. सुपर टाकुमार नावाची ५० मिमी, १.४ ची लेन्स तुमच्याकडे असेल आणि काच चहाच्या पाण्यासारखी पिवळी दिसत असेल, तर घाबरू नका, आणि लगेच विकूही नका. तिच्या काचेत थोरियम आहे. होय, किरणोत्सर्गी. तेव्हाच्या बऱ्याच कंपन्या काचेचा गुण वाढवायला ते घालत. कॅमेऱ्यावर लावून वापरण्यात धोका मानला जात नाही. फक्त काच फोडायची, घासायची नाही, आणि उशाशी घेऊन झोपायचं नाही, जे तुम्ही तसंही करणार नव्हता. तो पिवळेपणा खिडकीतल्या उन्हात किंवा अतिनील दिव्याखाली काही दिवस-आठवडे ठेवलं की बराचसा निघून जातो. आपल्याकडे लोणच्याच्या बरण्या उन्हात ठेवतात तसं ठेवायचं, फक्त भिंगातून ऊन एकवटून पडदा पेटणार नाही एवढी काळजी घ्या.

पण आपल्या लोकांच्या लेन्सचा खरा शत्रू थोरियम नाही. बुरशी आहे. दादरच्या किंवा रत्नागिरीच्या घरात चार पावसाळे काढून आलेली लेन्स असेल तर फोनचा टॉर्च मागून लावून पुढून बघा. ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. फोर्टच्या बोरा बाजारात कॅमेऱ्यांच्या दुकानांत आणि दुरुस्तीवाल्यांकडे असल्या लेन्सची रांग असायची, ती काही उगाच नाही. आणि 'आम्ही तर अमेरिकेत ठेवली' म्हणून निश्चिंत राहू नका. न्यू जर्सीच्या बेसमेंटमध्ये जुलैत जी दमट हवा असते, ती कोकणापेक्षा फार वेगळी नसते. ॲरिझोनावाले मात्र निर्धास्त.

कडेला चार धागे असतील तर फोटोत बहुधा काहीच दिसणार नाही. मधोमध जाळं असेल तर समोरच्या उजेडात धुकं येईल. खोलून साफ करणारे कारागीर आहेत, पण त्यांची मजुरी बऱ्याचदा लेन्सच्या बाजारभावापेक्षा जास्त पडते. तेव्हा भावनेचा हिशेब वेगळा मांडा. सावधगिरी म्हणून अशी लेन्स बाकीच्यांपासून वेगळी ठेवा, कातडी डब्यातून बाहेर काढा (ते कातडंच ओल धरतं), आणि हवाबंद प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. नव्या बुटांच्या खोक्यात येतात त्या पुड्याही चालतात. दुसरी तपासणी : ॲपर्चरचं कडं फिरवताना आतल्या पात्यांवर तेलाचा ओला डाग दिसतो का? कॅमेऱ्यावर न लावता पाती झटकन उघडतात-मिटतात का? तेलाचा डाग साध्या नळीवर फार आडवा येत नाही, पण विकताना भाव पाडतो. विकायचीच झाली तर अटलांटाजवळच्या केईएचसारखे १९७९ पासून जुनी सामग्रीच घेणारे-विकणारे आहेत, त्यांनी लावलेल्या प्रतवारीवरून भावाचा अंदाज येतो.

या दिवाळीत ती वापराल कशी? लक्ष्मीपूजनाच्या वेळी खोलीतले वरचे दिवे मालवा. पन्नासची लेन्स दोनवर, आयएसओ सोळाशे ते बत्तीसशे, फोकस पणती लावणाऱ्याच्या डोळ्यावर. मागच्या पणत्या आणि आकाशकंदिलाच्या माळा मोठ्या गोल थेंबांसारख्या पसरतात. फोनही अशी पार्श्वभूमी बनवून देतो, पण ती हिशेब करून पुसलेली असते. केसांच्या बटांशी त्याची चूक लगेच कळते. झेनिट कॅमेऱ्याबरोबर येणारी रशियन हेलिओस लेन्स कोणाकडे असेल, तर ती पार्श्वभूमी गरगर फिरल्यासारखी दाखवते. आज तरुण मंडळी त्यासाठी मुद्दाम ती शोधत फिरतात.

फुलबाज्या घेऊन पळणाऱ्या पोरांमागे मात्र ही लेन्स घेऊन धावू नका. पन्नासांपैकी तीन फोटो फोकसमध्ये येतील. फार हौस असेल तर आठवर बंद करा, दहा फुटांवर फोकस लावून ठेवा आणि पोरं तिथे येईपर्यंत थांबा. मुलीचा नाच असेल तर नवी ऑटोफोकस लेन्स, दुसरा विचार नाही. पण मंडळाच्या नाटकाला एकशे पस्तीसची जुनी लेन्स काढा. आपले नट वाक्य आठवायला पुरेसे थांबतात, तेवढ्यात फोकस होतो.

आणि शेवटचं काम, जे मला या सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्या बॅगेच्या शेजारी स्लाइडचे डबेही असतील. कोडॅकच्या कॅरूसेल प्रोजेक्टरची गोल चकती, एकेका चकतीत ऐंशी किंवा एकशे चाळीस स्लाइड. प्रोजेक्टर बनणं २००४ मध्ये थांबलं, कोडाक्रोम फिल्म २००९ मध्ये बंद झाली, आणि ती धुऊन देणाऱ्या कॅन्ससमधल्या शेवटच्या लॅबनं २०१० च्या अखेरीला रोल घेणं थांबवलं. अंधारात ठेवलेल्या कोडाक्रोमचे रंग मात्र अजून ताजे असतात. इतर फिल्मचे लालसर होऊन गेलेले असतात. त्या स्लाइड बाहेर पाठवून स्कॅन करून घेता येतात, पण घरीही होतात : जुनी मॅक्रो लेन्स, नाहीतर पन्नासची लेन्स आणि तिच्यामागे फोकस जवळ आणणारी एक्स्टेंशन ट्यूब, खाली एलईडीचा सपाट दिवा, कॅमेरा स्टँडवर उलटा टांगलेला. लेन्स आठवर. एकदा बसवलं की तासाला शंभर-दीडशे स्लाइड सहज होतात. आधी ब्लोअरनं धूळ उडवा, कापडानं पुसू नका. ज्या काचेतून ते चित्र पंचेचाळीस वर्षांपूर्वी फिल्मवर उतरलं, त्याच काचेतून ते पुन्हा कॅमेऱ्यात येतं.

स्लाइडच्या पुठ्ठ्यावर कोडॅक बहुधा महिना आणि वर्ष छापत असे. ते धुतल्याचं असतं, काढल्याचं नाही, म्हणजे दिवाळीचा फोटो जानेवारीचा निघू शकतो. पुठ्ठ्यावर माणसांची नावं मात्र कोणीच लिहिलेली नसतात. काम सुरू कराल तेव्हा आई-बाबांना शेजारी बसवा, एकेक चित्र पडद्यावर आलं की नाव विचारा आणि फाइलच्या नावातच टाका : कोण, कुठलं अपार्टमेंट, कोणाची गाडी. जुन्या लेन्सबद्दल कॅमेरा फाइलमध्ये काहीच नोंदवत नाही, तेव्हा तीही ओळ हातानंच लिहावी लागेल.